उसात साखर साठते कशी आणि तोडल्यावर जाते कुठे

ऊस खाणारा माणूस बुडख्याकडून सुरुवात करतो. शेंड्याकडची कांडी पाणचट लागतात, कधी किंचित खारटही, म्हणून वाढ्यांसकट ती गुरांच्या वाट्याला जातात. मुळं तीच, पाणी तेच, खत तेच, तरी एकाच उसाच्या दोन टोकांत एवढा फरक. त्यात गंमत अशी की साखर तयार होते शेंड्याकडच्या हिरव्या पानांत, आणि साठते मात्र सगळ्यात लांब, जमिनीलगत.

या फरकाचं उत्तर एन्झाइमांत आहे. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना विकर म्हणून शिकलो. एन्झाइम म्हणजे एखादं ठरावीक रासायनिक काम झपाट्याने घडवून आणणारं प्रथिन. काम झालं तरी ते स्वतः खर्ची पडत नाही, लगेच पुढच्या रेणूकडे वळतं. प्रत्येक एन्झाइमला ठरावीक तापमान आणि ठरावीक आंबटपणा मानवतो. ते किती बनवायचं आणि पेशीच्या कोणत्या कप्प्यात ठेवायचं, हे वनस्पती आपल्या वयाप्रमाणे बदलत जाते. उसाची गोडी, कारखान्याचा उतारा (म्हणजे गाळलेल्या उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) आणि गुळाचा कण या तिन्हींच्या मुळाशी अशी मोजकीच एन्झाइम आहेत. नावं जरा जड आहेत, पण त्यातली तीन लक्षात राहिली तरी पुढचं सगळं समजेल.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण उसावर बोलताना ती बहुतेक वेळा राहून जाते. ऊस गोड होण्यात साखर बनण्याचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा साखर मोडणं थांबण्याचा आहे.

पानातली जोडणी

आपण चहात घालतो ती साखर म्हणजे जवळपास शुद्ध सुक्रोज. ग्लुकोजचा एक रेणू आणि फ्रुक्टोजचा एक रेणू एकमेकांना जोडले की सुक्रोज तयार होतं. जोडायला ऊर्जा लागते. मोडायला मात्र एक पाण्याचा रेणू आणि योग्य एन्झाइम एवढंच पुरतं. पुढची सगळी गोष्ट या विषमतेवर उभी आहे.

कच्चा माल हवेतून येतो. बहुतेक पिकांत हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायचं काम रुबिस्को नावाचं एन्झाइम करतं. रुबिस्कोची एक खोड आहे: कार्बन डायऑक्साइडऐवजी ते अधूनमधून ऑक्सिजनच पकडतं, आणि ऊन जितकं कडक तितकी ही चूक वाढते. भात, गहू, सोयाबीन यांचा कमाईतला मोठा हिस्सा त्यात वाया जातो. उसाने यावर तोड काढली आहे. त्याच्या पानात आधी पेप कार्बोक्झिलेज नावाचं दुसरं एन्झाइम कार्बन पकडतं. हे एन्झाइम ऑक्सिजनला भुलत नाही. पकडलेला कार्बन ते चार कार्बनच्या आम्लाच्या रूपात शिरांभोवतीच्या पेशींकडे पाठवतं आणि तिथे, कार्बन डायऑक्साइडच्या दाटीत, रुबिस्को निवांत काम करतं. ज्वारी आणि मका याच पंथातले.

हा शोध लागला तोही उसावरच, आणि दोन्हीकडे साखर उद्योगाच्याच प्रयोगशाळांत. हवाई बेटांवरच्या ऊस मळेवाल्यांच्या संशोधन केंद्रात ह्यूगो कोर्टशाक आणि सहकाऱ्यांना किरणोत्सारी कार्बन देऊन दिसलं की उसाच्या पानात तो आधी चार कार्बनच्या आम्लांत सापडतो. १९६५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी त्या वाटेचा पहिला नकाशा मांडला. यातल्या हॅच यांची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

पकडलेल्या कार्बनपासून लहान लहान रेणू बनतात. ते हरितलवकातून बाहेर पेशीद्रवात येतात आणि तिथे त्यांच्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची 'कामाला तयार' रूपं घडतात. या दोघांना जोडणारं एन्झाइम म्हणजे सुक्रोज फॉस्फेट सिंथेज. लक्षात ठेवायचं हे पहिलं नाव. जोडणी झाली की त्यावर उरलेला फॉस्फेटचा तुकडा आणखी एक एन्झाइम लगेच छाटतं. तो छाटला गेला की आल्या वाटेने परत जाता येत नाही, त्यामुळे पानातलं काम सुक्रोज बनवण्याच्या दिशेनेच रेटलं जातं. ग्लुकोजचं हे तयार रूप पहिल्यांदा ओळखणारे अर्जेंटिनाचे लुई लेलोआर. सुक्रोज जोडणारी एन्झाइमही १९५० च्या दशकात त्यांच्याच गटाने शोधली. लेलोआर यांना १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ग्लुकोज आधीच हाताशी असताना सुक्रोज बनवायचा खटाटोप कशाला, असा प्रश्न इथे पडायला हवा. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही उठवळ स्वभावाची. वाटेत भेटेल त्या प्रथिनाशी लगट करतात. सुक्रोजमध्ये दोघांचीही रासायनिक टोकं एकमेकांत अडकलेली असतात, म्हणून ते शांत राहतं. लांबच्या प्रवासाला असाच माल बरा. पानातून निघालेलं सुक्रोज अन्नवाहिन्यांतून तासाला साधारण मीटरभर वेगाने खाली उतरतं. हवाईतच कॉन्स्टन्स हार्ट यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून उसातला हा प्रवास मोजला होता. या वाहतुकीला पालाश (पोटॅश) लागतो. तो कमी पडला तर साखर पानातच अडकून बसते. पालाशाचा संबंध शेतकरी गोडीशी लावतात त्यात तथ्य आहे, मात्र पालाश साखर बनवत नाही, तिची वाट मोकळी ठेवतो.

कांड्यात काय घडतं

सुक्रोज कांड्यात पोचलं म्हणजे साठलं असं नाही. शेंड्याजवळचं कांडं अजून लांबत असतं. त्याला नव्या पेशी बांधायच्या असतात, भिंती घडवायच्या असतात, श्वसन करायचं असतं. या सगळ्याला कार्बन हवा आणि तो सुक्रोजच्या रूपात कामाचा नसतो. म्हणून कोवळ्या कांड्यात सुक्रोज मोडणाऱ्या एन्झाइमांची चंगळ असते.

त्यातलं मुख्य इन्व्हर्टेज, आपलं दुसरं नाव. ते पाण्याचा एक रेणू घेऊन सुक्रोजचे सरळ दोन तुकडे करतं, ग्लुकोज वेगळं, फ्रुक्टोज वेगळं. याचे तीन प्रकार उसात सापडतात. एक पेशीभित्तिकेला चिकटलेलं, एक पेशीद्रवात राहणारं, आणि एक रिक्तिकेत म्हणजे पेशीच्या मधल्या मोठ्या पाणथळ कप्प्यात असणारं. पेशीद्रवातल्याला आम्लता नको असते. उरलेल्या दोघांना आंबट वातावरण आवडतं आणि रिक्तिका आंबटच असते. साखर साठवायची मुख्य जागाही तीच रिक्तिका. म्हणजे कोवळ्या कांड्यात जिथे साखर ठेवायची तिथेच ती मोडणारा बसलेला आहे.

कांड्याची लांबी थांबली की हे चित्र पालटतं. रिक्तिकेतलं आम्लप्रिय इन्व्हर्टेज घटत घटत जवळपास नाहीसं होतं आणि मग आलेलं सुक्रोज जसंच्या तसं राहू लागतं. कणगी भरायची तर वरून धान्य ओतत राहणं पुरत नाही, खालचं भोक बुजवावं लागतं. कांडं पिकतं तेव्हा हे भोक बुजतं. जमिनीलगतची कांडी सगळ्यात आधी वाढून थांबलेली असतात, म्हणून बुडखा आधी गोड होतो आणि गोडी एकेक पेर वर चढत जाते. हा संबंध १९६३ मध्ये ब्रिस्बेनच्या त्याच प्रयोगशाळेने दाखवून दिला, आणि त्या कामात तेच मार्शल हॅच होते, चार कार्बनच्या वाटेच्या शोधाला तीन वर्षं बाकी असताना.

तिसरं नाव सुक्रोज सिंथेज. नावात 'सिंथेज' असलं तरी कांड्यात ते बहुतेक वेळा मोडण्याचंच काम करतं, फक्त काटकसरीने. इन्व्हर्टेज जोडणीतली ऊर्जा उधळून टाकतं. सुक्रोज सिंथेज मात्र सुक्रोज मोडतानाच ग्लुकोजला कामाला तयार रूप देतं, जे थेट पेशीभित्तिकेचा सेल्युलोज बनवायला वापरता येतं. हाताशी ऊर्जा कमी असली की वनस्पती या एन्झाइमावर जास्त भिस्त ठेवते. पुराच्या पाण्यात मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, तेव्हाची परिस्थिती हीच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगली पट्ट्यातला ऊस कितीतरी दिवस पाण्याखाली होता. अशा उसाच्या सुरळीत गाळ बसून शेंडा मेला की पेरांवरचे डोळे फुटतात, पांगशा येतात, कांड्यावरच मुळ्या सुटतात, आणि हा सगळा खर्च साठलेल्या साखरेतून होतो. पूर ओसरल्यावर ऊस लांबून बरा दिसला तरी त्याची शिल्लक खाल्ली गेलेली असते.

आणखी एक गोष्ट वाचून मलाही नवल वाटलं होतं. साखर साठत असतानाही कांड्यात सुक्रोज सतत मोडलं जातं आणि पुन्हा जोडलं जातं. किरणोत्सारी कार्बनच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसतं. या येरझाऱ्यांत ऊर्जा फुकट जाते असं वरवर वाटतं, पण यामुळे पेशीला गरजेप्रमाणे चटकन एका बाजूला झुकता येतं. आपल्याला दिसणारा साठा हा जोड आणि मोड यांच्यातली वजाबाकी असतो.

पक्वता: थंडी, पाणी आणि युरिया

वाढ थांबली की साखर साठते, हे एकदा समजलं की शेतातले बरेच रिवाज आपोआप उलगडतात.

पावसाळ्यानंतर रात्री थंड होऊ लागतात, हवा कोरडी पडते, आणि उसाची लांबी वाढणं मंदावतं. दिवसा ऊन असल्याने पान साखर बनवतच असतं. कमाई चालू, खर्च कमी, इन्व्हर्टेज घटलेलं. रात्रीचं तापमान १२ ते १४ अंशांपर्यंत उतरलं तर उसाला ते फार मानवतं. म्हणून महाराष्ट्रात हंगामाच्या सुरुवातीला, नोव्हेंबरात, उतारा कमी असतो, जानेवारी-फेब्रुवारीत चढतो आणि मार्चच्या उन्हात पुन्हा खाली येऊ लागतो. पाऊस लांबला, थंडी उशिरा पडली की सगळं गणित पुढे सरकतं.

तोडणीच्या पंधरा-वीस दिवस आधी पाणी तोडायचं तेही याचसाठी. थोडा ताण बसला की कोवळ्या कांड्यांची वाढ आधी थांबते. प्रकाशसंश्लेषण मागाहून मंदावतं. मधल्या काळात साखर साठते. ताण फार लांबवला तर मात्र ऊस वाळून वजन घटतं आणि साठलेलं मोडायला लागतं, तेव्हा यातही तारतम्य हवं.

युरियाची गोष्ट उलटी. उसाला माती चढवण्याच्या मोठ्या बांधणीनंतरही कुणी नत्र देत राहिलं तर ऊस हिरवागार, लुसलुशीत राहतो, वाढत राहतो, इन्व्हर्टेज कमी व्हायचं नाव घेत नाही. शेजाऱ्याला हेवा वाटावा असा फड आणि रस पाणचट. कारखान्याचे कर्मचारी ब्रिक्समीटर (रसात विरघळलेले पदार्थ मोजणारं उपकरण) घेऊन अशा फडात आले की शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा आकडा पाहतात. दोन्ही आकडे जवळजवळ आले की ऊस पिकला, खूप अंतर असलं की वरचा भाग अजून खर्च करतोय. रसात १६ टक्क्यांच्या वर सुक्रोज आणि ८५ टक्क्यांच्या वर शुद्धता असली की ऊस तोडणीला योग्य मानतात. शुद्धता म्हणजे रसात विरघळलेल्या एकूण पदार्थांपैकी सुक्रोज किती. उरलेल्यात क्षार असतात आणि मोडलेली साखर, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज.

तुरा आल्यावर शेंड्याची वाढ संपते, त्यामुळे सुरुवातीला उलट गोडी वाढलेली दिसते. पण असा ऊस महिना-दोन महिने उभाच राहिला तर पांगशा फुटतात, दशी पडून आतून पोकळ होतो आणि साठा परत मोडीत निघतो.

याच ज्ञानाचा उलटा उपयोग बेण्यात होतो. लागणीसाठी जून, साखरेने भरलेला ऊस घेऊ नये, ९ ते ११ महिन्यांचा घ्यावा, असं कृषी विद्यापीठ सांगतं. कोवळ्या बेण्यात पाणी आणि मोडलेली साखर जास्त असते. डोळ्याला उगवताना ग्लुकोज तयार मिळतं आणि फुटवा जोमाने येतो. गाळपाला जे नको ते बेण्याला हवं.

कोयता लागल्यानंतर

ऊस तोडला म्हणजे तो मेला असं नाही. पेशी जिवंत असतात, श्वसन चालू असतं, फक्त वरून येणारी कमाई बंद होते. पेशींचे कप्पे हळूहळू सैल पडतात, आंबटपणा वाढतो आणि पक्व कांड्यात दबून गेलेलं इन्व्हर्टेज पुन्हा डोकं वर काढतं. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत कारखान्याच्या गव्हाणीत (ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर) पडावा असा आग्रह असतो तो यामुळे. थंडीत थोडी सवलत मिळते. मार्च-एप्रिलच्या उन्हात मिळत नाही, कारण तापमान चढलं की एन्झाइमचा वेग वाढतो.

इथे मोजमापाचा एक फसवा खेळ होतो, तो शेतकऱ्याने समजून घ्यावा असा आहे. बैलगाडीवर किंवा ट्रॉलीत पडून राहिलेल्या उसातलं पाणी उडतं, त्यामुळे वजन घटतं आणि रस दाट होतो. ब्रिक्समीटर विरघळलेले सगळे पदार्थ एकत्रच मोजतो. तो सुक्रोज वेगळं करून दाखवत नाही. म्हणून शिळ्या उसाचा ब्रिक्स वाढलेला दिसू शकतो, आणि त्याच वेळी आतलं सुक्रोज मात्र घटत असतं. गंमत म्हणजे ३४२ किलो सुक्रोज मोडलं की १८ किलो पाणी त्यात जोडलं जाऊन ३६० किलो ग्लुकोज-फ्रुक्टोज तयार होतं. वजनात साखर वाढली, पण पोत्यात पडणारी साखर गेली, कारण या मिश्रणाचे कारखान्यात स्फटिक होत नाहीत. ते मळीत जातं.

म्हणून कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्रिक्सच्या जोडीला पोल मोजतात. सुक्रोजच्या द्रावणातून ठरावीक प्रकारचा प्रकाश गेला की त्याची पातळी (म्हणजे कंपनांचं प्रतल) उजवीकडे वळते. मोडलेल्या मिश्रणात ती डावीकडे वळते. किती वळली त्यावरून सुक्रोज किती ते कळतं. पण या उपकरणालाही चकवणारा एक आहे. तोडलेल्या टोकांतून, सोललेल्या सालीतून ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात. त्यांच्याकडे स्वतःचं एन्झाइम असतं. ते सुक्रोज मोडतं, फ्रुक्टोज सोडून देतं आणि ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या विणतं. ही चिकट वस्तू म्हणजे डेक्स्ट्रान. डेक्स्ट्रान प्रकाशाला सुक्रोजपेक्षाही किती तरी जास्त उजवीकडे वळवतं. परिणामी पोलचा आकडा आहे त्याहून चांगला दिसतो आणि प्रत्यक्ष साखर कमी निघते. शिवाय रस बुळबुळीत होतो, गाळणी तुंबते, स्फटिक सुईसारखे लांबट येतात. जळालेल्या उसात हे सगळं जास्त वेगाने होतं, कारण उष्णतेने साल तडकलेली असते आणि जिवाणूंना दार उघडं मिळतं. जळीत ऊस घाईने उचलण्यामागे एवढं रसायनशास्त्र आहे.

शेतकऱ्याच्या खिशाशी याचा संबंध सरळ आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने उसाचा रास्त आणि किफायतशीर दर क्विंटलला ३५५ रुपये ठरवला तो १०.२५ टक्के उताऱ्यावर, आणि त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी धरतात. म्हणजे ताजा, स्वच्छ ऊस घालणारा आणि चार दिवस वाळलेला, वाढे-पाचटासकट ऊस घालणारा, दोघांना एकच भाव. या पद्धतीत ताज्या उसाचं बक्षीस कुणा एकाला मिळत नाही, आणि माझ्या मते तोडणीच्या घाईबद्दलची आपली उदासीनता इथूनच येते. वजनकाट्यावर आपण जेवढे भांडतो तेवढं ऊस किती तास पडून होता यावर भांडत नाही. खरं तर तोडणीची टोळी वेळेवर न मिळणं, वाहनांची रांग, गव्हाण बंद पडणं या सगळ्याचा हिशेब इन्व्हर्टेज गुपचूप मांडत असतं.

गुऱ्हाळात हाच प्रश्न डोळ्यांसमोर सुटतो किंवा बिघडतो. उसाचा रस मुळात आंबट, पीएच सव्वापाचच्या आसपास. काहिलीत तापू लागला की सुरुवातीला एन्झाइम आणि पुढे उष्णता व आम्ल मिळून सुक्रोज मोडत राहतात. गुळव्या चुन्याची निवळी घालतो ती आम्ल मारण्यासाठी. भेंडीचा चिकट रस उसाच्या रसातली घाण वर आणतो, ते काम वेगळं. चुना कमी पडला तर साखर मोडून गूळ मऊ राहतो आणि पावसाळ्यात पाघळतो, कारण मोडलेली साखर हवेतला ओलावा ओढते. चुना जास्त झाला तर ग्लुकोज-फ्रुक्टोज करपून गूळ काळवंडतो. शिळ्या, लोळलेल्या किंवा कोवळ्या उसाचा गूळ काहीही केलं तरी कणीदार होत नाही. कोल्हापूरचा पिवळाधमक कणीदार गूळ हवा असेल तर ऊस सकाळी तोडून त्याच दिवशी घाण्याला लावावा लागतो.

बाकीच्या पिकांत

उसाबाहेर हीच एन्झाइम वेगळी सोंगं घेतात. द्राक्षात इन्व्हर्टेज हवंहवंसं असतं: मण्यात आलेलं सुक्रोज ते मोडतं, म्हणून नाशिकच्या द्राक्षातली गोडी जवळपास पूर्ण ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची असते. केळ्यात आधी साठतो तो स्टार्च. इथिलीन या पिकवणाऱ्या वायूची चाहूल लागली की अमायलेज हे एन्झाइम तो तोडतं आणि त्यातून सुक्रोज जोडलं जातं. हुरड्याची ज्वारी दाणा चिकात असतानाच खायची, कारण तेव्हा दाण्यात आलेली साखर अजून स्टार्चमध्ये बदललेली नसते. आठ दिवस उशीर केला की तोच दाणा पिठूळ. स्वीटकॉर्नच्या अतिगोड जातींत तर स्टार्च बनवणाऱ्या एका एन्झाइमाचं जनुकच बिघडलेलं असतं, म्हणून साखर साखरच राहते आणि वाळलेला दाणा सुरकुततो.

बटाट्याचं मात्र जरा थांबून पाहण्यासारखं आहे. बटाटा शीतगृहात ४ अंशांवर ठेवला तर कोंब येत नाहीत, पण त्यातला थोडा स्टार्च सुक्रोजमध्ये बदलतो आणि रिक्तिकेतलं इन्व्हर्टेज ते मोडतं. असा बटाटा तळला की ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि अमिनो आम्लं यांची प्रक्रिया होऊन वेफर तपकिरी, कडवट होतात; त्याच प्रक्रियेत अ‍ॅक्रिलामाइड हा नकोसा पदार्थही बनतो. म्हणून वेफरच्या कंपन्या साध्या बटाट्याला हात लावत नाहीत. सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कुफरी चिप्सोना जाती आणल्या त्या यासाठीच. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये या एकाच इन्व्हर्टेजचं जनुक दाबून टाकलं आणि थंडीत साठवलेल्या बटाट्याचे वेफरही पांढरे राहिले.

मग उसातलं इन्व्हर्टेजही का नाही बंद करत?

बटाट्यात जमलं ते उसात करून पाहिलं गेलं, आणि निकाल निराशाजनक आले. इन्व्हर्टेज दाबलेल्या उसात साखर अपेक्षेइतकी वाढली नाही. कारण वर आलंच आहे. हे एन्झाइम नुसतं चोर नाही, वाढत्या कांड्याला तेच पोसतं. शिवाय एक वाट बंद केली की सुक्रोज सिंथेज आणि पेशीद्रवातलं इन्व्हर्टेज दुसऱ्या वाटेने मोड चालूच ठेवतात. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशच्या गटाने साखर श्वसनाकडे नेणारं एक वेगळंच एन्झाइम कमी करून पाहिलं, तेव्हा कोवळ्या कांड्यांत साखर वाढली, पण पिकलेल्या कांड्यांत तेवढा फरक पडला नाही.

सगळ्यात गाजलेला प्रयत्न ऑस्ट्रेलियातला. २००७ मध्ये तिथल्या संशोधकांनी एका जिवाणूचं एन्झाइम उसाच्या रिक्तिकेत बसवलं. ते सुक्रोजचा काही भाग आयसोमाल्टुलोज या दुसऱ्या साखरेत बदलतं. ही साखर इन्व्हर्टेजला मोडता येत नाही, आणि उसालाही ती आपली साखर म्हणून ओळखता येत नाही. काचगृहात काही रोपांत एकूण साखर दुप्पट झाल्याची नोंद आली. शेतातल्या चाचण्यांत ते चित्र तसंच उतरलं नाही.

साखर वाढवण्यात खरं यश आजवर मिळालं ते जुन्या पद्धतीने, संकर आणि निवडीतून. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने १९१८ मध्ये गोड उसाचा रानटी उसाशी संकर करून को २०५ ही जात दिली. त्यात रानटी उसाचा काटकपणा आणि गोड उसाची साठवणूक एकत्र आली. महाराष्ट्रात को सी ६७१ लवकर गोड होणारा म्हणून नावाजला, पण लाल कुज या रोगाला तो लवकर बळी पडतो. त्याच्याच संकरातून आलेला को ८६०३२ राज्यात वर्षानुवर्षं पसरला. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा फुले २६५ टनाला भारी आणि खारवट जमिनीतही तग धरणारा. सुरुवातीच्या महिन्यांत त्याला उतारा कमी पडतो, अशी कारखान्यांची जुनी तक्रार आहे. एन्झाइमांच्या भाषेत सांगायचं तर जो ऊस जास्त दिवस वाढतो त्याचं इन्व्हर्टेज जास्त दिवस जागं राहतं, आणि टनेज व उतारा यांची ओढाताण तिथूनच सुरू होते. म्हणून नव्या जातींच्या चाचणीत नुसतं एकरी वजन पाहत नाहीत. दहाव्या आणि बाराव्या महिन्यात रस काढून ब्रिक्स, पोल आणि शुद्धता वेगवेगळी तपासतात. दहाव्या महिन्यात शुद्धता चढलेली दिसली की ती जात नोव्हेंबरात तोडता येते, आणि बाराव्यात चढणारी जानेवारीसाठी राखून ठेवावी लागते.